उपकाराचा गडी

डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात एके काळी माणूस बांधून घ्यायला दोरी लागत नसे, लग्न पुरे. वारली तरुणाला लग्नासाठी जमीनदार पैसे देई आणि त्या बदल्यात नवरा-बायको दोघेही त्याच्याकडे राबत. कर्ज फिटत नसे, कारण हिशेबाची वही देणाऱ्याच्याच घरी असे. लग्नगडी म्हणतात ती हीच पद्धत. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की खावटी मिळे, तीही याच वहीत चढे. वहीचा मालक स्वतःला क्रूर समजत नव्हता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आपण दिले नसते तर यांची लग्ने झाली नसती, ही माणसे श्रावणात उपाशी मेली असती, असे त्याला प्रामाणिकपणे वाटत असणार. आणि त्यात थोडे तथ्यही होते. 1945च्या मे महिन्यात झरी गावच्या मेळाव्यात वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी नाकारली. गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने पुढे जो लढा दिला, त्याची हकिकत गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकामुळे मराठी वाचकाला ठाऊक आहे. तो लढा मजुरीचा होता, जमिनीचा होता. पण त्यात आणखी एक गोष्ट मोडली गेली: ज्याने दिले त्याचा घेणाऱ्यावर कायमचा हक्क बसतो, ही समजूत. गरीब मुलांसाठी चालणाऱ्या सेवाकार्याचा नैतिक विचार या भागात करायचा तर तो इथूनच सुरू केला पाहिजे.

दानाबद्दल धर्मांनी पुष्कळ आणि चांगले सांगून ठेवले आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार आहेत. परतफेड करू न शकणाऱ्याला, योग्य स्थळी, योग्य वेळी, कर्तव्य म्हणून दिलेले ते सात्त्विक. परतफेडीची किंवा फळाची आशा धरून दिलेले ते राजस. अवमान करून दिलेले तामस. येशूच्या उपदेशात उजव्या हाताचे डाव्याला कळू नये असे आहे. उपकाराची आठवण करून देऊन आपले दान फुकट घालवू नका, अशी ताकीद कुराणात आहे. तिन्ही ठिकाणी नजर मुख्यतः देणाऱ्याच्या मनावर आहे. घेणाऱ्याचा विचार येतो तो तो पात्र आहे का, त्याला संकोच होतो का, एवढ्यापुरता. मोठ्या माणसाच्या बाबतीत हे बहुधा भागते, कारण त्याच्याजवळ निदान नाही म्हणण्याची शक्यता असते. सहा वर्षांच्या मुलाजवळ ती नसते. वसतिगृहाची पायरी ते आपल्या पायांनी चढत असले तरी आपल्या विचाराने चढत नाही. म्हणून मुलाला दिलेल्या मदतीची परीक्षा देणाऱ्याचा हेतू तपासून पुरी होत नाही. ते मूल मोठे झाल्यावर देणाऱ्याच्या मताविरुद्ध, देणाऱ्याच्या देवाविरुद्ध, काही न गमावता आणि कृतघ्न न ठरता उभे राहू शकेल का, हे पाहिले पाहिजे. शकणार नसेल, तर हेतू कितीही निर्मळ असो, आपण उपकाराचा गडी वाढवला.

तलासरीत हा प्रश्न कल्पनेतला नाही. एवढ्याशा तालुक्याच्या गावात तीन श्रद्धांनी एकाच समाजाच्या मुलांसाठी घरे बांधली. ख्रिस्ती मिशनचे ज्ञानमाता सदन आहे, विश्व हिंदू परिषदेचे 1967 पासूनचे वसतिगृह आहे, आणि लाल बावट्याच्या कार्यकर्त्यांनी उभ्या केलेल्या शिक्षणसंस्था आहेत; परुळेकरांचे नाव असलेले महाविद्यालय त्यांपैकीच. तिन्हींनी मुलांना शिकवले, जेवू घातले; अशा आधाराशिवाय पाड्यावरच्या किती मुलांना दहावीपर्यंत पोचता आले असते, हा प्रश्न कोणत्याही टीकाकाराने आधी स्वतःला विचारावा. पण तिन्ही बाजूंना एकमेकांविषयी जो संशय वाटत आला आहे, तो नीट पाहिला तर एकच आहे: समोरचा सेवेच्या आडून मूल आपल्याकडे ओढतो आहे. मध्य प्रदेशात 1956 साली नियोगी समितीने मिशनऱ्यांच्या शाळा, दवाखाने आणि अनाथालयांबद्दल हाच आक्षेप नोंदवला होता. तो आक्षेप खरा मानायचा तर तो एकट्या मिशनऱ्यांवर थांबत नाही, आणि ही गोष्ट तो घेणारे सहसा विसरतात. वारल्यांचे मूल कोऱ्या पाटीसारखे या दारांशी येत नाही. त्याच्या घरी हिरवा देव असतो, हिमाय असते, नारनदेव असतो, धान्याची कणसरी असते. त्याच्या आईबापांच्या लग्नाचा चौक सवाशिणींनी लिहिलेला असतो आणि लग्न धवलेरीने लावलेले असते, म्हणजे एका बाईने; आपल्या पुरोहितवर्गाने त्यावर क्षणभर थांबून विचार करायला हरकत नाही. ह्या श्रद्धेला अंधश्रद्धा म्हणणारा कार्यकर्ता, तिला सैतानी म्हणणारा धर्मोपदेशक आणि ती मुळात आमचीच पण बिघडलेली आहे असे म्हणणारा प्रचारक, तिघेही मुलाला एकच गोष्ट शिकवतील: तुझी आजी चुकली होती.

एवढ्याने काय बिघडते, याचे उत्तर कॅनडाने फार महागात मिळवले. तिथे सरकारी पैशाने आणि चर्चच्या व्यवस्थापनाखाली मूळनिवासी मुलांसाठी निवासी शाळा शंभराहून अधिक वर्षे चालल्या. त्या चालवणाऱ्यांत दुष्ट माणसे होतीच, पण मुलांचे भले करतो आहोत असे मानणारेही भरपूर होते. मुलांची भाषा तोडली, घर तोडले. 2008 साली पंतप्रधानांना संसदेत क्षमा मागावी लागली, 2022 साली पोप तिथे जाऊन क्षमा मागून आले. तलासरीतली वसतिगृहे तशी आहेत असे मला मुळीच सुचवायचे नाही. ती तुलना अन्यायाची होईल. मुद्दा इतकाच की सद्हेतू हा मुलाच्या बाबतीत पुरेसा जामीन राहू शकत नाही.

मग करायचे काय, याचे उत्तर डहाणूतच मिळते. ताराबाई मोडक 1945 साली बोर्डीला आल्या, ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. ताराबाईंच्या मागे गिजुभाई बधेकांबरोबरचे भावनगरचे काम होते, माँटेसरीचा अभ्यास होता. बालवाडी तयार झाली, पण ज्यांच्यासाठी काढली ती मुले येईनात. दुसऱ्या कोणी पालकांच्या अज्ञानावर लेख लिहिला असता. या दोघींनी बालवाडीच उचलून मुलांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. 1975च्या एकात्मिक बालविकास योजनेने तिचे नाव देशभर नेले. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, तेव्हा अडचण आणखी वाढली. वारल्यांची मुले गुरे राखत, धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन हिंडत. तेव्हा कुरणशाळा निघाली: गुरे चरताहेत तिथेच शिक्षक गेला. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा जवळजवळ ठेवली, म्हणजे कडेवरचे मूल खाली ठेवून थोरल्या बहिणीला शिकता येईल. महागडी साधने नव्हती; बिया, शिंपले, गारगोट्या, पाने यांवर मोजणी चाले. हे सगळे नेहमी शिक्षणशास्त्रातली कल्पकता म्हणून सांगितले जाते. मला त्यात धर्माचरणाचा एक प्रकार दिसतो. मदत घेण्यासाठी मुलाला आपले घर, आपले काम, आपले रान सोडावे लागले नाही. वाकायचे काम देणाऱ्याने केले. संध्याकाळी मूल आपल्याच झोपडीत, आपल्याच देवांपाशी जाई. शाळेत ऐकलेले आणि घरी पाहिलेले, दोन्ही शेजारी ठेवून तोलण्याची सोय त्याला रोज मिळत होती. वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी 'विधायक संसद' या संस्थेने ज्या भोंगाशाळा काढल्या, त्यांचीही चाल हीच. दिवाळीनंतर वसई-भिवंडीकडे पाडेच्या पाडे रिकामे होतात. शाळा भट्टीवरच्या भोंग्याजवळ, म्हणजे मजुरांच्या खोपटाजवळ, गेली नाही तर मूल शाळेकडे येणे नाही. शहरातल्या झोपडवस्तीत काम करणाऱ्या संस्थांनाही हे लागू आहे, कारण नाक्यावर उभा राहणारा मजूर पुष्कळदा याच पाड्यांतून गेलेला असतो.

यावर पहिला आक्षेप भुकेचा. 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत मुले कुपोषणाने गेली. तेव्हा एखाद्याने मुलाला जेवू घालून प्रार्थना म्हणायला लावली असती तर ती प्रार्थना मोजत बसायचे का? नाही बसायचे. मेलेल्या मुलाला मतस्वातंत्र्य नसते. पण या युक्तिवादातून निघते ते एवढेच की जेवण दिलेच पाहिजे. जेवणाबरोबर प्रार्थना जोडलीच पाहिजे, हे त्यातून निघत नाही. उलट भूक जितकी मोठी, तितकी जोडलेली अट अधिक गैर, कारण तितका नकार अशक्य. लग्नगडीच्या मालकाचाही बचाव शेवटी भुकेचाच होता.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. कुणीही तटस्थ नसतो. अनुताईंनीही नखे कापायला, अंघोळ करायला शिकवले. त्यांत शहरी मध्यमवर्गाचे संस्कार होतेच. सरकारी आश्रमशाळेत श्रद्धेऐवजी राष्ट्र शिकवतात. देवाचा पत्ता कापणाऱ्या चळवळीतही गोदावरीबाई वारल्यांच्या गोदूराणी झाल्या. कृतज्ञतेला कुठेतरी सिंहासन लागतेच. हे सगळे मान्य. आईबापही मुलाला विचारून आपला धर्म देत नाहीत. मात्र आईबाप आणि दाता यांच्यात एक फरक आहे. मुलाने आईबापांचे मत सोडले तरी नाते उरते. दात्याशी असलेले नाते मतावरच टांगलेले असेल तर ते उरत नाही. तेव्हा संस्कारशून्य मदत मागणे हा भाबडेपणा झाला. मागायचे ते एवढेच की मदत संस्कारावर अवलंबून नसावी: भजनाला, प्रार्थनेला किंवा मोर्चाला न जाणाऱ्या मुलाचे ताट तसेच राहावे, आणि रविवारी घरी गेलेले मूल देवाला कोंबडा कापून आले तर सोमवारी त्याला कुणी वेगळ्या नजरेने बघू नये.

तिसरा आक्षेप श्रद्धावंतांचा, आणि मला तोच सर्वांत आदरणीय वाटतो. ते म्हणतील, श्रद्धा काढून घ्या, मग या जंगलात चाळीस वर्षे राहील कोण? पगारासाठी माणूस बदलीची वाट बघतो. हे खरेच आहे. श्रद्धेशिवाय, मग ती ख्रिस्ताची असो, हिंदू समाजाची असो की क्रांतीची, तलासरीत फारसे काही उभे राहिले नसते. पण ज्या श्रद्धेमुळे माणूस टिकतो ती त्याची राहू द्यावी. दिव्यातले तेल दिव्यात असावे, उजेडात बसलेल्याच्या अंगावर सांडू नये. गीतेतली फलाशेची अट इथे नेमकी लागू पडते: मुलाचे मतांतर, मग ते कोणत्याही दिशेचे असो, हे सेवेचे फळ म्हणून मोजले की दान राजस झाले. दात्यांना पाठवायच्या अहवालात किती मुले शिकली याबरोबर किती 'आपली' झाली हेही लिहिले जात असेल, तर त्या संस्थेने आपल्याच ग्रंथासमोर उत्तर द्यावे.

कायद्याने या प्रश्नाला हात घातलेला आहे, पण अर्धवट. राज्यघटनेच्या 28व्या अनुच्छेदानुसार सरकारी मान्यता किंवा मदत असलेल्या शिक्षणसंस्थेत कुणालाही संमतीवाचून धर्मशिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, आणि व्यक्ती अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. 1977च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रसाराचा हक्क आणि दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क वेगळे केले. पण आईबाप सहा महिने भट्टीवर असतात, तेव्हा पालकाच्या जागी व्यवहारात संस्थाच असते. संमती मागणारा आणि देणारा एकच होतो. प्रवेशाच्या वेळी छापील अर्जावर घेतलेला अंगठा लग्नगडीच्या वहीवरही मिळत होता. डहाणू आणि तलासरी पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येतात, आणि 1996च्या पेसा कायद्याने सामाजिक क्षेत्रातल्या संस्थांवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार ग्रामसभेला व पंचायतींना दिलेला आहे. हा अधिकार बहुधा शाळेच्या छपरापुरता आणि आहाराच्या तक्रारीपुरता वापरला जातो. त्याच ग्रामसभेत, पाड्याच्या बोलीत, मुले होळीला घरी आलेली असताना, वसतिगृह चालवणाऱ्याला बोलावून त्याने मुलांना काय म्हणायला लावले, न म्हणणाऱ्याचे काय झाले आणि सोडून गेलेल्या मुलाचे दाखले वेळेवर मिळाले का, एवढे विचारता येते. त्या सभेत मिशनची मुले असतील, परिषदेची असतील, लाल बावट्याची असतील आणि सरकारी आश्रमशाळेचीही. चौघांनाही तेच प्रश्न, आणि विचारणाऱ्यांत धवलेरीही बसलेली असावी.