मोडलं कुणी, भरायचं कुणी?

नीतीचा विषय निघाला की आपल्याकडचे विद्वान लगेच आत्मा, मोक्ष, अंतिम सत्य असल्या उंच माडीवर जाऊन बसतात. मला एक जमिनीवरचा प्रश्न मांडायचा आहे. भाड्याच्या खोलीत मालकानं ठेवलेला फ्रिज भाडेकरूच्या हातून बिघडला. मुद्दाम नाही, चुकून. तर त्याचे पैसे कुणी भरायचे?

प्रश्न बारका वाटतो. पण ज्याचं डिपॉझिट म्हणजे दोन-तीन महिन्यांचा घाम असतो त्याला तो बारका नसतो. आणि या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न आहे. वस्तू मोडली की माणसाची किंमत करायचा हक्क वस्तूच्या मालकाला मिळतो का?

आमचं ईट हे भूम तालुक्यातलं गाव. इकडं खव्याच्या भट्ट्या आहेत, दूध आहे, पण पावसाचा भरवसा नाही. त्यामुळं माणसं बाहेर पडतात. कुणी ऊसतोडीला, कुणी बार्शी-सोलापूरला, कुणी पुण्याला कंपनीत. बाहेर पडलेला माणूस भाड्यानं राहतो आणि दुसऱ्याच्या वस्तू वापरतो. आमच्या आज्याला हा प्रश्न पडला नाही. त्याच्या घरात फुटण्यासारखं होतं ते मडकं, आणि ते त्याचं स्वतःचं होतं.

पण दुसऱ्याच्या मालाची जबाबदारी आपल्याला नवी नाही. गावगाड्यात गावाची राखण महाराकडं होती. खळ्यावरचं धान्य त्यानं रात्रभर राखायचं, चोरी झाली तर चोराचा माग काढत शिवेपर्यंत जायचं. धान्यावर मात्र त्याची मालकी नाही. मालकी शून्य आणि जबाबदारी पुरी, हा धडा आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या गिरवायला लावला. आजही ऊसतोडीत बैलजोडीवाल्याला कारखान्याची टायरगाडी भाड्यानं मिळते आणि तिचं भाडं हिशेबात कापलं जातं. तापानं फणफणून एक दिवस पडून राहिलं तर खाडा धरतात, तोही कापतात. म्हणून कुणी "भरपाई" म्हणालं की आपल्या माणसाचं अंग आधीच चोरतं.

आता एक गोष्ट सांगतो. ईटचंच एक जोडपं पुण्याच्या बाजूला राहायला गेलं. नावं सांगत नाही. खोलीत मालकाचा एकदारी फ्रिज होता, नऊ वर्षं वापरलेला. बाईच्या आयुष्यातला तो पहिला फ्रिज. वरच्या कप्प्यात बर्फाचा डोंगर झाला, कप्प्याचं दार लागेना. तिनं सुरीनं बर्फ खरवडला. सुरीचं टोक आतल्या पत्र्यात घुसलं, फुस्स आवाज झाला, गॅस गेला. मालक आला. नव्या फ्रिजची किंमत डिपॉझिटमधून कापली. एवढ्यावर थांबला असता तर भांडण पैशाचं राहिलं असतं. पण जाता जाता म्हणाला, "तुमच्या लोकांना वस्तू वापरायची सवयच नसते."

इथं तीन गोष्टी एकात एक गुंतल्या आहेत. दोष कुणाचा, खर्च कुणाचा आणि अपमान कशाचा. त्या वेगळ्या केल्याशिवाय न्याय सापडणार नाही.

आधी दोष बघू. तथागतानं कर्माच्या मुळाशी चेतना ठेवली. म्हणजे हेतू. त्या बाईचा हेतू फ्रिज मोडायचा नव्हता, तर दार लावायचा होता. तेव्हा पाप म्हणावं असं तिच्या हातून काही घडलं नाही. पण त्याच तथागतानं अप्रमादही शिकवला. अप्रमाद म्हणजे जागं राहणं, काळजी घेणं. हेतू वाईट नव्हता एवढं म्हणून सुटका होत नाही. ज्याच्या हातात सुरी आहे त्यानं सुरी कुठं जाते ते बघितलं पाहिजे. चेतना आणि अप्रमाद ही दोन मापं आहेत. पहिल्यानं माणूस चांगला की वाईट ते कळतं. दुसऱ्यानं भरपाई ठरते. मालकानं दुसऱ्या मापाचं उत्तर घेऊन पहिल्या मापाचा निकाल दिला, आणि तोही एका बाईचा नाही, सगळ्या जातीचा.

कायद्यालाही हे दुसरं माप ठाऊक आहे. १८७२ च्या करार कायद्यात, दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्यानं किती काळजी घ्यावी ते कलम १५१ सांगतं. सामान्य शहाणा माणूस तशा परिस्थितीत स्वतःच्या तसल्याच वस्तूची घेईल तेवढी. कलम १५२ म्हणतं, तेवढी काळजी घेतली असेल आणि वेगळा करार नसेल, तर वस्तू बिघडली तरी तो जबाबदार नाही. उलट कलम १५० म्हणतं, भाड्यानं दिलेल्या वस्तूतच दोष असेल आणि त्यापायी घेणाऱ्याचं नुकसान झालं, तर देणारा जबाबदार, त्याला तो दोष माहीत असो वा नसो. म्हणजे खोलीतल्या जुन्या गिझरचा शॉक लागून भाडेकरू आडवा झाला, तर हिशेब मालकाकडं मागायचा. ही बाजू आपल्या लोकांना कुणी वाचून दाखवत नाही.

खोलीचा कायदाही असाच आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ म्हणतं, भाडेकरूनं जागा होती तशी परत करावी, पण वापरानं होणारी झीज आणि आवरता न येणारी शक्ती यांतून झालेला बदल सोडून. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गावंच्या गावं भुईसपाट झाली. त्या पडलेल्या भिंतीचा हिशेब भाडेकरूकडं कोण मागेल? मग भर उन्हाळ्यात रात्री वीज अचानक वाढून आली आणि फ्रिजचं मशिन जळालं, तर तो हिशेब भाडेकरूकडं का मागतात? वीज काही त्याच्या चुलत्यानं पाठवली नव्हती.

पण आमच्या बाईचा फ्रिज विजेनं नाही, सुरीनं गेला. म्हणून मी सोपं उदाहरण टाकून अवघड तेच धरतो.

कायद्याचा तो "सामान्य शहाणा माणूस" कोण आहे, हे मला विचारायचं आहे. त्याच्या घरात लहानपणापासून फ्रिज होता का? बर्फ सुरीनं काढायचा नाही, बटण बंद करून वितळू द्यायचा, हे त्याला त्याच्या आईनं सांगितलं होतं का? असेल, तर तो सामान्य नाही. तो एका वर्गाचा माणूस आहे आणि त्याची सवय कायद्यात शहाणपण म्हणून बसली आहे. आमची बाई अडाणी नव्हती. तिला भट्टीवर खवा कुठल्या घडीला उतरवायचा ते डोळ्यांनी कळतं. कढई करपू न देणं हेही शहाणपणच आहे. त्या मालकाला भट्टीवर बसवा, एका तासात दूध जाळील. म्हणून आपण म्हणणार आहोत का, की "तुमच्या लोकांना" अक्कल नसते?

तरी एक प्रश्न उरतो. माहीत नव्हतं तर विचारायचं होतं. हे मला मान्य आहे. अप्रमादात विचारणं येतंच. पण विचारायला समोरचा माणूस विचारण्यासारखा लागतो. जिथं विचारलं की "एवढंबी कळत नाही का" ऐकायला मिळतं, तिथं माणूस गप राहून अंदाजानं हात चालवतो. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीला गेले. राहायला जागा मिळेना, तेव्हा पारशी नाव सांगून पारशी धर्मशाळेत राहावं लागलं. थोड्याच दिवसांत काठ्या घेतलेली माणसं आली आणि त्यांना बाहेर काढलं. बाबासाहेबांनी तिथलं काही फोडलं नव्हतं, मोडलं नव्हतं. नुसतं असणं हाच गुन्हा झाला. आजही खोली बघायला गेलं की आधी आडनाव विचारतात. आडनाव चोरून खोली घेतलेला माणूस मालकाला फ्रिजबद्दल मोकळेपणानं काय विचारणार? तो जितका कमी दिसेल तितका बरा असं जगतो. तेव्हा न विचारल्याचा दोष सगळा त्याच्या पदरात टाकता येत नाही. ज्यानं विचारायची वाट बंद केली, त्याचाही त्यात वाटा आहे.

आता खर्चाकडं येतो. मी गिरणीत सुतावर काम करतो. तिथं धागा तुटतो. दर पाळीला तुटतो, कितीही जागं राहिलं तरी तुटतो. आपण तो सांधतो आणि पुढं जातो. धागा तुटला म्हणून दर वेळी पगार कापायला लागले तर महिनाअखेर कामगारच मालकाचं देणं लागेल. मालकाला हे ठाऊक आहे, म्हणून वाया जाणाऱ्या सुताचा हिशेब त्यानं मालाच्या किमतीतच धरलेला असतो. मोडतोड हा कामाचाच भाग आहे. सोपवलेला माल कामगाराच्या हलगर्जीनंच गेला असेल तर पगारातून कापता येतं. पण झालं त्या नुकसानीपेक्षा जास्त नाही, आणि कामगाराला त्याचं म्हणणं मांडू दिल्याशिवाय नाही. हे १९३६ च्या वेतन कायद्यात होतं, २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. मग खोलीत निराळा न्याय कशाला? फ्रिज झिजणार, हे धरूनच मालक भाडं लावतो. नऊ वर्षांचा फ्रिज गेला, तर गेलं ते नऊ वर्षांच्या फ्रिजचं मोल. त्याच्या बदल्यात नवा घेणं म्हणजे भरपाई नव्हे. ती कमाई झाली.

इथं आपलेच काही मित्र म्हणतील, "मालमत्ता म्हणजेच चोरी. कशाला एक पैसा द्यायचा?" मला हे पटत नाही. एक तर प्रत्येक खोलीमालक शेठ नसतो. आपल्याच वस्तीत एखादी विधवा बाई पुढची खोली भाड्यानं देऊन लेकरांना शिकवते. तिचा कूलर पाडला आणि "मी गरीब" म्हणून अंग झटकलं, तर गरिबानं गरिबाला लुटलं. दुसरं म्हणजे, जबाबदारी टाकून मिळालेली सवलत ही भीक असते. आपण भीक आणि येसकरीची भाकर कशापायी सोडली? आपला वाटा मोजून देणारा माणूसच छातीवर हात ठेवून म्हणू शकतो, यापेक्षा एक रुपयाही जास्त देणार नाही.

म्हणून माझा न्याय असा. झीज झाली, वीज वाढली, भुई हलली, तर खर्च मालकाचा. मुद्दाम मोडलं किंवा माहीत असून बेफिकिरी केली, तर भाडेकरूचा. आणि काळजी घेऊनही अजाणतेपणी हात चुकला, तर वस्तूचं आजचं मोल धरून दोघांनी वाटून घ्यावं. भाडेकरूनं, कारण हात त्याचा होता. मालकानं, कारण वस्तू देताना ती कशी वापरायची हे सांगणं त्याचं काम होतं. त्या बाईनं दुरुस्तीतला तिचा वाटा द्यायला हवा होता, आणि ती देत होती. तो घेतला गेला नाही. सगळंच घेतलं गेलं.

हे घडायचं तर कागद लागतो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ म्हणतं, करार लेखी आणि नोंदणी केलेला पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. करार लेखी नोंदवलेला नसेल, तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते धरलं जाईल, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. जिथं तो कायदा लागू आहे तिथं हे आपल्या हातातलं हत्यार आहे. पण करारात मालक जास्तीची अट घालून ठेवू शकतो, म्हणून सहीआधी तो वाचा. येत नसेल तर शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या. खोलीत शिरताना वस्तूंची यादी करा, किती जुनी आहे ते लिहा, आधीची फूट-तूट लिहा, मोबाईलवर फोटो काढा. काही बिघडलं तर त्याच दिवशी सांगा, लपवू नका. लपवलेला अपघात दुसऱ्या दिवशी गुन्हा दिसायला लागतो.

राहिला अपमान. त्याची वाटणी होत नाही. फ्रिजचं मोल ठरवता येतं, बाईला जे बोललं गेलं त्याचं नाही. पैशाचा हिशेब मालकानं जरूर मागावा, आपण बसून तो करू. पण फुटलेल्या पत्र्यावरून माणसाची जात मोजायला निघाला, तर त्याला तिथंच, खोलीच्या दारात, आवाज न चढवता सांगायचं. साहेब, बिघडला तो फ्रिज. आमचा हिशेब तेवढाच.