परग्रहावरील शेती आणि स्वामित्वाचा प्रश्न

जमीन कोणाची, या प्रश्नावरून मनुष्यजातींत जितके कलह झाले तितके क्वचितच दुसऱ्या कशावरून झाले असतील. पृथ्वीवर या प्रश्नाचा निर्लेपपणें विचार करणें कठीण. कारण येथील प्रत्येक वाफ्यावर आधींच कोणाचा तरी हक्क बसलेला असतो. म्हणूनच, जेथें पूर्वीं कोणीही नांगर धरला नाहीं अशा परक्या ग्रहावर शेती करणाऱ्या नायकांच्या विज्ञानकथा आम्हांस केवळ मनोरंजनाच्या वाटत नाहींत.

ज्या भूमींत मनुष्य आपले श्रम मिसळतो ती त्याची होते, असा सिद्धान्त जॉन लॉक या तत्त्ववेत्त्यानें सतराव्या शतकाच्या अखेरीस मांडला. अँडी वीअर यांच्या ‘द मार्शियन’ (२०११) या कादंबरींत मंगळावर एकटा राहिलेला वनस्पतिशास्त्रज्ञ बटाटे पिकवितो, आणि पीक काढलें तेथें वसाहत झाली, असें विनोदानें म्हणतो. हा विनोद म्हणजे लॉकचाच सिद्धान्त होय. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा ऐकलेल्या महाराष्ट्रीय वाचकासही तो परका वाटणार नाहीं. परंतु ती घोषणा न कसणाऱ्या मालकाविरुद्ध कसणाऱ्या कुळाची होती. जेथें मालकही नाहीं आणि कूळही नाहीं, तेथें ती काय सिद्ध करणार?

आमच्या मतें या कथाच लॉकविरुद्ध साक्ष देतात. वीअरच्या नायकाचे श्रम अपार खरे. पण नुसत्या श्रमानें मंगळावर कांहींच उगवत नाहीं. त्यास मानवी विष्ठा आणि पृथ्वीहून आणलेली थोडी माती तेथील रेतींत मिसळावी लागते. रॉबर्ट हाइनलाइनच्या ‘फार्मर इन द स्काय’ (१९५०) या कादंबरींत गॅनिमीड या गुरूच्या उपग्रहावरील वसाहतवाले खडक फोडून त्याची भुकटी करतात; तरी पृथ्वीवरील जिवंत मातीचें विरजण लागल्यावांचून तिचें शेत होत नाहीं. प्रत्यक्ष प्रयोगही हेंच सांगतो. अपोलो मोहिमांनीं आणलेल्या चंद्रावरील १२ ग्रॅम धुळींत फ्लॉरिडा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीं मोहरीच्या कुळांतील एका लहान वनस्पतीचें बी पेरलें. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वृत्तान्ताप्रमाणें बी रुजलें, पण पोषक द्रव्यें देऊनही रोपें खुरटलीं. भुकटी म्हणजे माती नव्हे. माती ही असंख्य जीवांच्या जगण्यामरण्यानें घडते, आणि त्या श्रमांत आपला वांटा नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, मग पृथ्वीवरील शेतकऱ्याचाही हक्क खोटा ठरेल. तसें नाहीं. शेतकऱ्याचा हक्क दुसऱ्या मनुष्यापुढें खरा आहे; मातीपुढें मात्र तो ऋणकोच आहे. १९६७ च्या अंतराळ करारानेंही उपयोगाच्या अथवा ताब्याच्या आधारें परग्रहावर राष्ट्रीय स्वामित्व सांगण्यास मनाई केली आहे.

हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. एच. जी. वेल्सच्या १८९८ मधील ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ या कादंबरींत मंगळावरील तांबडें तण इंग्लंडच्या भूमीवर माजतें. तें जोमानें उगवलें म्हणून इंग्लंड मंगळवासीयांचें झालें, असें कोणत्या वाचकास वाटतें? सर्वांस ती स्वारीच वाटते. मग आपलें विरजण दुसऱ्या ग्रहावर लावतांना, तेथें एखादा सूक्ष्म जीव असल्यास त्याच्या दृष्टीनें तेंच तांबडें तण ठरेल, हें आपण कसें विसरावें? तेव्हां परक्या भूमींत बी पेरण्यापूर्वीं, तेथें आधींच कोणी राहतें काय, याचा कसून शोध घेणें हें पेरणाऱ्याचें पहिलें कर्तव्य होय. भुकेल्यानें पीक काढून खावें. त्यास आमची हरकत नाहीं. परंतु पीक आलें एवढ्यावरून भूमि आपली झाली असें त्यानें म्हणूं नये. कारण ज्या मातीच्या बळावर तें पीक आलें, ती त्यानें केलेली नाहीं.