त्यागाचा अधिकार

आपली कृती नाश पावणार हे जाणूनच जो ती निर्माण करतो, त्याला तिच्या नाशाविषयी तक्रार करण्याचा अधिकार उरतो काय? महानगरांतील भिंतींवर चित्रे काढणाऱ्या कलावंतांच्या संदर्भात हा प्रश्न न्यायालयांत आणि वृत्तपत्रांत वारंवार उपस्थित होतो. परंतु त्याचे मूळ धर्मविचारात आहे आणि तेथेच त्याचा शोध घेतला पाहिजे, असे मला वाटते.

कीथ हेरिंग हा तरुण चित्रकार १९८० ते १९८५ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकांत खडूने चित्रे काढीत असे. जाहिरातीची मुदत संपली की त्या रिकाम्या चौकटीवर काळा कागद डकवण्याचा तेथे प्रघात होता; त्या कागदावर पांढऱ्या खडूने तो रांगणारे बालक, भुंकणारा कुत्रा, नाचणाऱ्या मानवाकृती भराभर रेखाटी, पोलिसांच्या हाती सापडला तर त्याचे परिणाम सोशी, आणि नव्या जाहिरातीखाली हे चित्र आज ना उद्या गाडले जाणार हे जाणूनही पुन्हा खडू हाती घेई. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माचा त्याग आणि कर्मफलाचा त्याग यांमध्ये जो भेद केला आहे, त्याचे याहून स्वच्छ उदाहरण आधुनिक नगरजीवनात सापडणे कठीण. पुढे मात्र हेरिंगचे नाव झाले, लोक ते कागद फाडून नेऊन विकू लागले, आणि तेव्हा त्याने हे काम थांबवले. जाहिरातीखाली गाडले जाणे ज्याने निमूटपणे सोसले, त्याला बाजारात जतन होणे का सोसवू नये?

या प्रश्नाचे उत्तर मला इंद्रायणीच्या काठी मिळते. तुकोबांनी वडिलार्जित सावकारीच्या दस्तऐवजांपैकी आपल्या वाटणीची निम्मी गहाणखते स्वहस्ते नदीत सोडून ऋणकोंना मुक्त केले, असे परंपरा सांगते. त्या कागदांसाठी त्यांनी पुढे कधी हळहळ केली नाही. त्याच नदीत, शास्त्राधिकाराच्या नावाने झालेल्या आज्ञेमुळे, अभंगांच्या वह्या बुडवाव्या लागल्या, तेव्हा मात्र ते अन्नपाणी वर्ज्य करून तेरा दिवस काठावरील शिळेवर बसून राहिले. नदी एकच, विसर्जन करणारा हातही एकच. परंतु पहिल्या प्रसंगी त्याग होता आणि दुसऱ्या प्रसंगी अपहार. आपण केवळ निमित्त असून वाणी विठ्ठलाची आहे, अशी ज्यांची श्रद्धा होती, त्यांनी वह्यांसाठी धरणे धरले ते मालकी हक्कासाठी खचित नव्हे. ‘हे माझे नाही’ असे जो म्हणतो, त्याने ‘तर मग ते माझे’ या दुसऱ्याच्या दाव्याला संमती दिली, असे कदापि होत नाही. उलट ज्याने स्वतःचा दावा सोडला, त्याच्यावरच त्या वस्तूचे प्रयोजन राखण्याची जबाबदारी अधिक पडते. मालकी सोडूनही तो तिचा विश्वस्त राहतो.

न्यूयॉर्कच्याच क्वीन्स विभागात ‘फाइव्ह पॉइंट्झ’ नावाने विख्यात झालेली एक जुनी कारखान्याची इमारत होती. मालकाच्या परवानगीने आणि २००२ पासून जोनाथन कोहेन या चित्रकाराच्या देखरेखीखाली देशोदेशींचे कलावंत येऊन तिच्या भिंती रंगवीत. जुन्या चित्रावर नवे चित्र चढवण्याची शिस्त त्यांनी आपण होऊन पाळली होती, आणि ही इमारत एके दिवशी पडणार हेही त्यांच्यापासून लपलेले नव्हते. १९ नोव्हेंबर २०१३ रोजी, पाडकामाचा परवाना हाती नसताना आणि कलावंतांना सूचना न देता, मालकाने रातोरात त्या भिंतींवर पांढरा रंग फासविला. प्रकरण न्यायालयात गेले आणि दृश्यकलावंतांच्या हक्कांविषयीच्या १९९० च्या कायद्यान्वये न्यायाधीश फ्रेडरिक ब्लॉक यांनी २०१८ मध्ये ४५ चित्रांबद्दल २१ कलावंतांना ६७ लाख ५० हजार डॉलर भरपाई मंजूर केली. २०२० मध्ये अपील न्यायालयाने तो निवाडा कायम केला. मालकाने परवाना मिळेपर्यंत दहा महिने थांबून इमारतीसह चित्रे पाडली असती, तर त्याचे कृत्य बुद्धिपुरस्सर ठरले नसते, असे ब्लॉक यांनी नमूद केले, ही त्या निवाड्यातील गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. चित्रे दोन्ही प्रकारे नाहीशीच होणार होती. निरोपाचा अवकाश हिरावून घेऊन, दुसऱ्याने पत्करलेली नश्वरता मालकाने स्वतःचे शस्त्र बनवली, हा त्याचा अपराध होता.

याहून अवघड प्रसंग ‘ब्लू’ या नावाने वावरणाऱ्या इटालियन चित्रकाराचा आहे. बर्लिनच्या क्रॉइत्सबर्ग वस्तीत त्याने २००७-०८ च्या सुमारास काढलेली दोन प्रचंड भित्तिचित्रे शहराची ओळखच होऊन बसली होती. शेजारच्या जागेवर इमारती उभ्या राहणार आणि या चित्रांच्या कीर्तीने जागेचा भाव वाढणार, असे दिसू लागताच डिसेंबर २०१४ मध्ये त्याच्याच संमतीने ती काळ्या रंगाखाली बुजवण्यात आली. मार्च २०१६ मध्ये बोलोन्यात, रस्त्यांवरील भिंतींतून काढून घेतलेली चित्रे एका मोठ्या प्रदर्शनात मांडली जाणार होती तेव्हा, वीस वर्षांत त्या शहरात काढलेली आपली चित्रे त्याने सहकाऱ्यांच्या मदतीने करड्या रंगाने पुसून टाकली. येथे विचारी माणसाच्या मनात शंका उभी राहते. एकदा दिलेले दान परत घेणे, म्हणजे दत्तापहार, हे आपल्या धर्मशास्त्राने पातक मानले आहे. मग ज्या रहिवाशांनी ती चित्रे रोज पाहिली, त्यांचे काय?

ही शंका मला खरी वाटते आणि तिचे संपूर्ण निरसन मी करू शकत नाही. परंतु सात्त्विक दान देश, काल आणि पात्र पाहून द्यावे असे गीता सांगते, आणि हे दान वाटसरूला दिलेले होते. पैसे न देता, परवानगी न मागता, कामावर जाताना मान वर करून ते घेण्याचा त्याचा हक्क होता. भिंत कापून दालनात नेली किंवा तिच्या कीर्तीवर सदनिकांचे भाव चढवले, म्हणजे पात्र बदलते, आणि पात्र बदलताच ते दान दान राहत नाही. दात्याने अशा वेळी ते पुसले, तर आधीच झालेल्या अपहारावर त्याने केवळ मोहोर उमटवू दिली नाही, असे मी म्हणेन. रहिवाशांची हानी झाली हे सत्य आहे. परंतु तिचा मोठा वाटा त्यांच्याकडे आहे ज्यांनी फुकट दिलेल्या वस्तूला किंमत लावली.

म्हणून भित्तिचित्र चिरकाल टिकवण्याचा आग्रह मला मान्य नाही, आणि ते रातोरात पुसण्याचा उद्दामपणाही मान्य नाही. ऊन, पाऊस, नंतर येणारा चित्रकार, जीर्ण होऊन पडणारी भिंत, यांच्या हाती आपली कृती सोपवण्याचे धैर्य ज्याने दाखवले, त्याच्या त्यागाचा लाभ उठवून स्वतःची मिळकत वाढवण्याचा अधिकार कोणत्याही मालकाला, व्यापाऱ्याला वा संग्रहालयाला त्या त्यागातून प्राप्त होत नाही. वैराग्य अन्यायाला संमती देत नाही, हे देहूच्या त्या तेरा दिवसांनी आपल्याला शिकवले आहे, आणि आजच्या नगरांचे कायदे करताना तेच प्रमाण मानले पाहिजे.