साखरेचा चित्रगुप्त

माणूस चांगला की वाईट, हे ऋषिमुनींनाही नक्की ठरवता आले नाही. हल्ली ते पॅथॉलॉजीवाले ठरवतात.

उपाशीपोटीची साखर म्हणजे शाळेतले इन्स्पेक्शन. साहेब येणार म्हटले की आदल्या दिवशी वर्ग झाडायचा! आमचे धुळ्याचे मामा तपासणीआधी दोन दिवस कारल्यावर राहत, पांझरेकाठी फेऱ्या मारत आणि आकडा ठीक आला की लॅबमधून परस्पर जिलबीच्या दुकानात जात. मामी विचारीत, “अहो, पण फसवताय कुणाला?”

“डॉक्टरला!”

मग डॉक्टरांनी एचबीएवनसी करायला सांगितली. साखर तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि पेशी जगेल तोवर, म्हणजे सुमारे १२० दिवस, सुटत नाही. त्यामुळे ही तपासणी दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. साडेसहा टक्के किंवा वर म्हणजे मधुमेह. आखाजीला “खा ना भाऊ, एकमा काय व्हस!” म्हणून वाढलेले मांडे आषाढात कागदावर उमटतात. चित्रगुप्तच की! मामांचे ८.२ निघाले.

“अन्याय आहे! परवापासून गोडाला शिवलो नाही मी!”

तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही. माणूस परवा सुधारला असेल, तर मागचे किती दिवस उगाळायचे? वाल्याची सरासरी काढली असती, तर वाल्मीकी झालाच नसता. शिवाय सरासरीही भाबडीच. कधी ३००, कधी ६० असे हेलकावे खाणारा आणि सदा १८० वर बसलेला, दोघांना जवळपास सारखेच गुण! आमच्या जळगावात मेहरूण तलावाला फेरी मारून परतताना कचोरी हाणणारे सद्गृहस्थ या हिशेबात सहज खपतात. म्हणून डॉक्टर उपाशीपोटीची, जेवणानंतर दोन तासांची आणि ही, अशा तिन्ही साक्षी काढतात.

पण मामींच्या प्रश्नाचे उत्तर कुठल्याच कागदावर नव्हते. ते मामांच्या टाचेवर मिळाले. चप्पल चावून झालेली जखम चार दिवस त्यांना कळलीच नव्हती, मामींना दिसली. साखरेने पायाच्या नसा केव्हाच मुक्या केल्या होत्या. नसांना इन्स्पेक्शनची तारीख कोण कळवणार?

तेव्हापासून मामा रोज रात्री पाय तपासतात आणि जेवल्यावर शतपावली घालतात. मी त्यांना धीर देतो, “मामा, चित्रगुप्तापेक्षा रक्त दयाळू. रोज कोट्यवधी नव्या पेशी, चार महिन्यांत वही कोरी!”

“वही कोरी होते रे,” मामा पाय चोळत म्हणतात, “टाच होत नाही.”