दानाचं ताट

आमच्या नाशकात दानधर्माला तोटा नाही. सकाळी रामकुंडावर एक चक्कर मारा. तिळापासून तांदळापर्यंत सगळं कुणी ना कुणी कुणाला तरी देत असतं. पण परवा भाच्याने माझ्याकडे जे मागितलं, ते कुठल्या पोथीत सापडायचं नाही.

पोराच्या मोठ्या आतड्याला व्रण आहेत. दोन वर्षं हैराण आहे. म्हणाला, "मामा, निरोगी माणसाचा मळ पाण्यात कालवून, गाळून रोग्याच्या आतड्यात सोडतात. त्यातले जंतू तिथे नांदतात. दिल्लीच्या एम्सने २०२२ साली तशी चाचणी प्रसिद्ध केली. सोबत पथ्याचा आहारही होता. बऱ्याच जणांना गुण आला. उद्या माझी वेळ आली, तर तू देशील?"

"देशील काय? रोज फुकटच जातंय!" मी म्हणालो. पदरचं काही न जाता दानशूर व्हायची संधी पुन्हा थोडीच येणार!

"पण तिथले दाते खेड्यातले होते. साधं जेवणारे."

मी चपापलो. अमेरिकेत काही जणांना पाच दिवस नुसतं मांस, अंडी नि चीज खायला घातलं, तर एक-दोन दिवसांतच त्यांच्या आतड्यातली वस्ती बदलली; भाजीपाल्यावर जगणारे जंतू रोडावले. माझे जंतू तर रविवारच्या मिसळीतल्या मटकीवरच काय ते तग धरून!

तरी भाच्याबरोबर डॉक्टरांकडे गेलो. "हा उपचार अजून प्रयोगाच्या पायरीवर आहे," त्यांनी आधीच बजावलं. मग विचारलं, "गेल्या काही महिन्यांत अँटिबायोटिक घेतलंत?"

घेतलं होतं. पावसाळ्यात साधं पडसं झालं, तेव्हा कपाटातल्या उरलेल्या गोळ्या मनानेच गिळल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "२०१९ मध्ये अमेरिकेत दात्याच्या मळातून औषधांना न जुमानणारे जंतू गेले आणि एक रोगी दगावला."

झालं! जी वस्तू मी रोज साखळी ओढून वाहून लावतो, तीच देण्याच्या लायकीचा मी नव्हतो.

तांदूळ देणारा स्वतः काय जेवतो, हे कुणी विचारत नाही. म्हणून आपण समजतो, दान म्हणजे हात पुढे करायचा तेवढा क्षण. इथे मात्र ते कितीतरी आधी, आपल्याच ताटात सुरू होतं. माझी जीभ माझी, हे खरं. पण त्या पोराच्या तोंडाकडे पाहून ते म्हणवेना.

सध्या मी ज्वारीची भाकरी नि मेथीची भाजी खातो. बायको विचारते, "हे पथ्य कुणाचं?"

मी म्हणतो, "भाच्याचं."