उंबरठ्यावरचे विश्वासी

ख्रिस्तावर श्रद्धा आहे, परंतु ख्रिस्ती मंडळीत यावयाचे नाही, असे म्हणणाऱ्या मनुष्याविषयी आपण काय समजावे? प्रश्न जुना आहे. रात्रीच्या अंधारात येशूच्या भेटीस आलेला निकदेम हा त्याचा पहिला धनी. पण एके काळी मंडळीबाहेर राहणे हे भीतीचे किंवा लोकलज्जेचे लक्षण मानले जाई. आज ते स्वतंत्र बुद्धीचे भूषण मानले जाते. धर्म नको, अध्यात्म हवे. देव हवा, देऊळ नको. असे सुशिक्षित मनुष्य सहज बोलून जातो. हे बोलणे नेहमीच उथळ असते असे नाही, आणि नेहमीच खोल असते असेही नाही.

ते खोल कोठे असते हे पाहावयाचे तर सिमोन वेल या फ्रेंच विदुषीकडे वळले पाहिजे. 1909 मध्ये पॅरिसमधील एका धर्मनिरपेक्ष ज्यू कुटुंबात तिचा जन्म झाला. तत्त्वज्ञानाची अध्यापिका असताना, मजुराचे जिणे कसे असते हे कळावे म्हणून 1934-35 मध्ये तिने कारखान्यात यंत्रापुढे काम केले. पुढे ख्रिस्ताची ओढ तिला अशी लागली की मार्सेय येथे पेरँ नावाच्या डॉमिनिकन धर्मगुरूशी तिचा बाप्तिस्म्याविषयी दीर्घ संवाद चालला. आणि तरीही ती बाहेरच राहिली. ज्या संस्थेने शतकानुशतके शापवाणी उच्चारून माणसांना बहिष्कृत केले, तिच्यात शिरणे म्हणजे बाहेर ठेवलेल्या सर्वांशी फारकत घेणे, असे तिला वाटे. ती गीता मुळातून वाचण्यासाठी संस्कृत शिकली होती. ग्रीकांत आणि भारतीयांत तिला जे सत्य आढळले ते दाराबाहेर ठेवून आत जाणे तिला मान्य नव्हते. शिवाय समूहाच्या 'आम्ही' या शब्दाची तिला भीती वाटे, कारण त्या शब्दाला आपण सहज वश होऊ हे ती जाणून होती. 1943 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधील एका आरोग्यधामात, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, तिचा अंत झाला.

तिचा नकार फुकटचा नव्हता, हे येथे ध्यानात घ्यावे. प्रभुभोजनाची तिला तळमळ होती. त्याला ती मुकली. आजच्या पुष्कळशा नकारांची किंमत, माझ्या समजुतीप्रमाणे, रविवारच्या सकाळी अधिक वेळ झोपावयास मिळणे एवढीच असते. तिच्या नावाचा आधार त्यांनी घेऊ नये.

पण मग तिचे म्हणणे बरोबर होते काय? या ठिकाणी 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातील कर्नेल्याची हकीकत मला विचारात पाडते. कर्नेल्य हा रोमी शताधिपती, परका. पेत्र त्याच्या घरी बोलत असतानाच ऐकणाऱ्यांवर पवित्र आत्मा उतरला. तोवर कोणाचाही बाप्तिस्मा झालेला नव्हता. आत्मा पाण्यासाठी खोळंबला नाही. तथापि आत्मा आलाच आहे, आता पाणी कशाला, असे पेत्र म्हणाला नाही; त्याने बाप्तिस्मा देवविला. का बरे? उत्तर पुढच्याच अध्यायात आहे. पेत्र यरुशलेमेस परतल्यावर त्याच्यावर आरोप आला तो बाप्तिस्म्यापेक्षा जेवणाविषयी: सुंता न झालेल्यांच्या पंक्तीला तू बसलास! म्हणजे त्या पाण्याने कर्नेल्यावर जेवढे बंधन घातले त्याहून अधिक पेत्रावर व त्याच्या मंडळीवर घातले. परक्याला आता पंक्तीत घ्यावे लागणार होते. बाप्तिस्मा हा एकट्याच्या श्रद्धेचा दाखला असता तर वेलचे म्हणणे मी विनातक्रार मान्य केले असते. परंतु ते मंडळीने लिहून दिलेले देणेही आहे.

आता आपल्याकडे पाहू. 1950 च्या अनुसूचित जातींविषयीच्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदू धर्माव्यतिरिक्त अन्य धर्म पाळणाऱ्यास अनुसूचित जातीचा समजण्यात येत नाही. या आदेशात 1956 मध्ये शिखांचा व 1990 मध्ये बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती व मुसलमान बाहेर राहिले. ख्रिस्ती धर्म जातिभेद मानत नाही, तेव्हा ख्रिस्ती झालेल्यास जात उरत नाही, हा त्यामागचा युक्तिवाद. मनात ख्रिस्त ठेवून कागदावर हिंदू राहणारी दलित कुटुंबे त्यामुळे अनेक प्रांतांत आहेत. मुलाची शिष्यवृत्ती, मुलीची नोकरी आणि पाळकाच्या वहीतील एक ओळ, यांत निवड करणे त्यांच्या वाट्यास येते. 2024 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने, खरी श्रद्धा नसताना केवळ आरक्षणासाठी सांगितलेला धर्म ही संविधानाची फसवणूक होय, असा निर्णय दिला. अशा प्रकरणी नियमाने उपासनेस जाणे हाच विरुद्ध पुरावा ठरतो.

या माणसांना भित्रे म्हणणारे पाळक आहेत. त्यांचे वेतन त्या आदेशावर अवलंबून नसते, एवढे मी येथे नोंदवून ठेवतो. कायद्याचा युक्तिवाद ऐकून मला खेद होतो तो निराळ्याच कारणाने. ख्रिस्ती समाजात जात नाही, हे वाक्य न्यायालयात आमच्याविरुद्ध वापरले जाते, आणि ते खरे नाही हे सिद्ध करण्यासाठी आम्हांस आमच्याच मंडळ्यांचे दाखले द्यावे लागतात! तमिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिस्ती माणसांना मरणानंतरही वेगळे दफनस्थान लाभले आहे. पेत्राने ज्या पंक्तीसाठी आरोप सोसला तीच आम्ही मोडली.

रेव्हरंड ना. वा. टिळकांना हे दुखणे फार पूर्वी कळले होते असे वाटते. 1895 मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेऊन ते उंबरठा ओलांडून आत गेले. त्यासाठी घरदार दुरावण्याची किंमत त्यांनी मोजली. पण बावीस वर्षांनी, 1917 मध्ये, मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला आणि त्यात बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना एकत्र बसविले. वेल बाहेर राहिली, टिळकांनी आत येऊन दार उघडे धरले. 1919 मध्ये ते निवर्तले आणि दरबार त्यांच्या पश्चात फार काळ टिकला नाही. व्यक्तीच्या तेजावर उभी राहिलेली संस्था तिच्यामागे क्वचितच टिकते. (परप्रांती राहणाऱ्या आपणांस याचा अनुभव आहे. मराठी मंडळाच्या कारभाराला आपण नावे ठेवतो, पण आपल्या मुलांच्या तोंडी जी काही मराठी उरली आहे तीत त्या भांडकुदळ मंडळाचाही वाटा असतो.) म्हणून मंडळी नकोच, हे मत मला पटत नाही; जी हवी ती ही नव्हे, हे मत पटते.

राहता राहिला व्यवहाराचा प्रश्न. प्रभुभोजनाचे ताट बाकावरून पुढे सरकते तेव्हा कागदावर हिंदू असलेला, पण वर्षानुवर्षे तेथेच प्रार्थना करणारा मनुष्य मान खाली घालून ते शेजाऱ्याकडे देतो. ते त्याने घ्यावे की नाही याविषयी पंथापंथांत मतभेद आहेत, आणि ते एका लेखात मिटणारे नाहीत. परंतु असा मनुष्य वारला, घरच्यांनी पाळकास बोलाविले, आणि वहीत नाव नाही म्हणून तो आला नाही, असे घडते. त्याने जावे, प्रार्थना करावी, आणि मंडळीच्या दफनभूमीत जागा मागितली गेली तर ती इतरांच्या ओळीतच द्यावी.