रक्ताची साक्ष कशाला?

आर्थर रोडच्या कस्तुरबात पालिकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जनुकं वाचायची यंत्रं बसवली. कोरोनाचा विषाणू तिथं अक्षर न् अक्षर वाचला गेला. माणसाचीही जनुकं तपासून पश्चिम बंगालातल्या कल्याणीच्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली मांडलं : इथली माणसं आधी आपसात मिसळत होती, सुमारे ७० पिढ्यांपूर्वी अनेक वरच्या जातींनी दारं लावून घेतली.

कार्यकर्ते खूश. म्हणतात, विज्ञान आपल्या बाजूनं बोललं. बोललं खरं. पण न्याय त्याच्या भरवशावर सोडायचा का?

जात म्हणजे बंद लग्नव्यवहार, हे बाबासाहेबांनी १९१६ सालीच मांडलं. १९४८ साली नाकाची मापं पुढं ठेवून वंशभेदाचा दावाही खोडला. पण समता त्यांनी नाकावर टांगली नाही. माणसं सारखी नसली तरी वागणूक सारखीच हवी, हे त्यांनी १९३६ साली बजावलं होतं.

पेशवाईत ज्या थुंकीपायी गळ्यात मडकं आलं, तीच थुंकी आता डबीत घेऊन कंपन्या कूळ सांगतात. उद्या कुणी 'शुद्ध रक्ता'चा कागद आणला, तर आपण मुकाट वेगळं बसायचं?

यंत्रानं इतिहास सांगावा. माणूस असल्याचा दाखला आपण कुणालाच द्यायचा नाही.